लहान पोरांना घेऊन मल बेटावर जायचंय? आधी फेरी बघा, घर नंतर

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या या बेटाचं नाव मल. हो, मलच. सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "कुठे जाताय म्हणालीस?" तर हसून घ्या आणि पुढे वाचा. स्कॉटलंड म्हटलं की सगळे स्काय नावाच्या बेटावर पळतात, तिथे पूल आहे, गाडी थेट जाते, म्हणून उन्हाळ्यात गर्दीही तशीच. पण पोरं सात वर्षांच्या आतली असतील तर माझं मत मलला. आम्ही दोनदा जाऊन आलो, दुसऱ्यांदा गेलो तेव्हा धाकटी दोन वर्षांची आणि मोठा पाचचा होता.

पहिली गोष्ट, फेरी. मुख्य भूमीवरच्या ओबन बंदराहून कॅलमॅक या फेरी कंपनीची बोट मलवरच्या क्रेगन्युअरला जाते, साधारण पाऊण तास. माणसांना जागा मिळते हो, गाडीला मिळत नाही. तिकडची बरीच घरं शनिवार ते शनिवार भाड्याने जातात त्यामुळे शनिवारच्या बोटी आधी भरतात. आम्ही पहिल्या वेळी शहाणपणा करून आधी घराचे पैसे भरले, मग फेरी बघायला गेलो तर गाडीला जागाच नाही, शेवटी मुख्य भूमीवरच्याच लॉखअलाइनवरून मलवरच्या फिशनिशला जाणारी छोटी फेरी घेतली, तिला बुकिंग लागत नाही, रांगेत उभं राहायचं आणि जायचं, पण लॉखअलाइनला पोचेपर्यंत एवढा वळसा आणि एवढी वळणं की मोठ्या मुलाने दोनदा उलटी केली. म्हणून फेरीची वेळ पक्की झाल्याशिवाय घराला हात लावू नका. पाच वर्षांखालच्यांना फेरी फुकट, पाच ते पंधराला अर्धं तिकीट. गाडी घेऊन निदान अर्धा तास आधी रांगेत लागा.

ग्लासगोहून ओबन गाडीने अडीच तास धरा, पोरं असतील तर साडेतीन. रस्ता लॉख लोमंडच्या कडेने जातो, टिंड्रमला थांबा घ्या, शी-शू, चहा, पाय मोकळे. भारतातून येणाऱ्यांनी गाडी भाड्याने घेताना कारसीट आधीच सांगून ठेवा, बारा वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर उंची, जे आधी होईल तोपर्यंत सीट लागतेच, मांडीवर घेऊन बसतो वगैरे इथे चालत नाही.

आता रस्ते. नकाशावर बेट एवढुसं दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. क्रेगन्युअर ते बेटाच्या दुसऱ्या टोकाचं फिनफर्ट ३७ मैल, पण लागतो सव्वा तास, कारण बहुतेक रस्ता एकाच गाडीपुरता. मधे मधे पासिंग प्लेस, म्हणजे बाजूला होण्यापुरत्या रुंद जागा, असतात, समोरून गाडी दिसली की जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरायचं, उजवीकडे असेल तर त्या जागेसमोर आपल्याच बाजूला थांबायचं, आणि समोरच्याने हात केला की आपणही करायचा. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला दोन तासात सवय होते. मागे स्थानिक गाडी लागली तर तिला पुढे जाऊ द्या, तिला कामाला जायचंय. आणि फोटोसाठी पासिंग प्लेसमध्ये गाडी लावू नका, प्लीज.

म्हणून राहायचं एकाच ठिकाणी, आणि दिवसाला एकच बाहेरचं काम. आम्ही टोबरमोरी या मलवरच्या गावात राहतो. बंदरावर लाल, पिवळी, निळी घरांची ओळ आहे, 'बॅलमोरी' ही मुलांची मालिका २००२ ते २००५ मध्ये आली ती इथलीच. सुपरमार्केट आहे, आणि एक छोटं मत्स्यालय आहे जिथे पकडलेले खेकडे, मासे काही दिवस दाखवून परत समुद्रात सोडतात. पावसाच्या दिवशी तेवढं पुरतं, आणि पाऊस येणारच.

कॅलगरीचा किनारा चुकवू नका, पांढरी वाळू, उथळ पाणी, पाणी मात्र गारठ्ठ. कॅनडातल्या कॅलगरीचं नाव इथूनच गेलंय.

शेजारच्या आयोना या छोट्या बेटाला एक पूर्ण दिवस द्या. फिनफर्टहून दहा मिनिटांची बोट, पर्यटकांच्या गाड्या नेता येत नाहीत, म्हणजे पोरांना मोकळं सोडता येतं, हे सुख मोठं आहे. ख्रिस्ती धर्मप्रसारक संत कोलंबा ५६३ साली आयर्लंडहून इथे आले, मठ बघण्यासारखा आहे, पण आमच्या दोघांना मठापेक्षा त्यापलीकडचा समुद्रकिनारा आवडला.

स्टाफाचं जरा विचार करून ठरवा. षटकोनी खांबांचं बेट, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखाच उभ्या खांबांचा बेसाल्ट, फक्त समुद्रातून वर आलेला. फिंगल्स केव्ह ही गुहा तिथेच, जर्मन संगीतकार मेंडेलसोन १८२९ मध्ये येऊन गेला. मे ते जुलै पफिन हे समुद्रपक्षी दिसतात, अगदी जवळ येऊन उभे राहतात. पण समुद्र खवळलेला असला तर बोट उतरवत नाही, पायऱ्या उभ्या आहेत, कड्याला कठडा नाही, दोन वर्षांचं पोर पाठीवरच्या पिशवीत बांधूनच न्यावं लागतं. चार वर्षांखालचं असेल तर मी सोडूनच देईन.

जायचं कधी? मे. पाऊस त्यातल्या त्यात कमी आणि मिजेस (चावऱ्या माश्या) अजून फारशा नसतात. मिज म्हणजे चिलटाएवढी चावरी माशी, जून ते ऑगस्ट, वारा पडला आणि संध्याकाळ झाली की ढगाने येते. स्मिज नावाचा स्प्रे मिळतो तो घ्या. गवतातून फिरून आल्यावर पोरांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसात गोचीड बघा, काढायचा छोटा आकडा मेडिकलमध्ये मिळतो. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, "अजून दिवस आहे" म्हणून पोरं झोपत नाहीत, खिडकीला लावायला काळं कापड न्या.

खाणं: शाकाहारी असाल तर बाहेर चिप्स आणि सूपवर दिवस काढावे लागतील, स्वयंपाकघर असलेलंच घर घ्या. पोहे, मुगाची डाळ, मेतकूट, गोडा मसाला बरोबर. शेगडी इंडक्शनची आहे का हे घरमालकाला आधी विचारा, आमचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिथे गेला आणि शोभेला राहिला, आठवडाभर खिचडी पातेल्यात.

डुआर्ट किल्ला परतीच्या दिवसासाठी ठेवा. मॅक्लेन घराण्याचा, क्रेगन्युअरपासून जवळ. घर सकाळी दहाला सोडावं लागतं, फेरी दुपारची घ्या, मधला वेळ तिथे छान जातो. उघडा आहे ना ते आधी बघा. मग बोटीवर डेकच्या उजव्या बाजूला उभे रहा, किल्ला अगदी जवळून जातो, मगाशी आपण तिथेच वर होतो हे पोरांना बरोबर कळतं.