छातीतली धडधड: आधी मोजावी, मग ठरवावी

गोव्यात फोंड्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीचा मुलगा बोटीवर नोकरीला आहे. बोट खोल समुद्रात असली की दोन-दोन दिवस त्याचा फोन लागत नाही. अशाच एका रात्री साडेदहाच्या सुमारास मावशी मेजाची कडा धरून उभी राहिली आणि "काळीज तोंडाशी आलंय गो" एवढेच म्हणाली. आम्ही तिला रुग्णालयात नेले, ईसीजी व्यवस्थित आला आणि "टेन्शन घेऊ नका" असे सांगून तिला घरी पाठवण्यात आले. हा सल्ला घेऊन नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. पुढे जे करून उपयोग झाला, ते येथे मांडत आहे.

भीती वाटली की मेंदूच्या इशाऱ्यावर शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक सुटते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. हे काही मिनिटांपुरते असले तर निरोगी हृदय ते सहज सोसते. परंतु काळजी महिनोन् महिने मुक्कामाला राहिली, झोप तुटू लागली, सिगारेट वाढली आणि चालणे सुटले, की तोच भार हृदयविकाराकडे नेऊ शकतो. 52 देशांत झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने मानसिक ताणाला धूम्रपान, मधुमेह व उच्च रक्तदाब यांच्याच यादीत बसवले. उलट दिशेनेही हे घडते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला पुढे प्रत्येक बारीक कळ घाबरवते.

म्हणून पहिला नियम असा की, "टेन्शनच असेल" हा निर्णय घरच्यांनी घेऊ नये. छातीवर दडपण, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरणे, थंड घाम, धाप, भोवळ यांपैकी काही असल्यास 108 ला फोन करावा. रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नये. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता केवळ मळमळ, थकवा किंवा धाप एवढेच लक्षण असू शकते. घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत कळस गाठून ओसरू लागतो हे खरे, पण पहिल्याच वेळी घड्याळ बघत बसणे धोक्याचे आहे.

तपासणीत हृदय ठीक निघाले आणि धडधड तरीही होत राहिली, तर नाडी मोजायला शिकावे. मनगटाच्या आतील बाजूस, अंगठ्याच्या मुळाखाली दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटे हलकेच टेकवावीत. अंगठा वापरू नये, कारण त्याची स्वतःचीच नाडी जाणवते. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत आणि ते सारख्या अंतराने पडतात का, हेही पाहावे. स्वस्थ बसलेल्या प्रौढाचे ठोके साधारण 60 ते 100 असतात. काळजीने वाढलेली नाडी बहुधा हळूहळू चढते, हळूहळू उतरते आणि लयीत असते. याउलट, बटण दाबल्यासारखी ती एकदम 150 च्या वर गेली आणि तशीच एकदम थांबली, तर हा हृदयाच्या विद्युतमार्गातील दोष असू शकतो. तो पुष्कळदा काळजी म्हणून निकालात काढला जातो, कारण धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी निर्दोष येतो. अशा वेळी चोवीस तासांच्या होल्टर तपासणीविषयी, म्हणजे अंगावर छोटे यंत्र लावून सलग ईसीजी नोंदवण्याविषयी, डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. ठोके अगदीच अनियमित पडत असतील, तर विलंब करू नये. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे. या दोहोंतील बिघाड हुबेहूब काळजीचे सोंग आणतो.

प्रत्येक वेळची तारीख, वेळ, ठोके आणि आधीच्या तासाभरात काय खाल्ले, प्यायले, ऐकले, हे एका वहीत लिहावे. कडक कॉफी आणि फेणी या दोन्ही नोंदी प्रामाणिकपणे कराव्यात. फेणीने रात्री बरे वाटते आणि पहाटे नाडी पळते, हे लिहिल्याशिवाय पटत नाही.

धडधड सुरू झाल्यावर, दुखणे नसेल तर, पाठ टेकून बसावे, चार मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. असे पाच मिनिटे करावे. लांबलेल्या उच्छ्वासाने हृदयाला लगाम घालणारा व्हेगस मज्जातंतू जागा होतो. आठवड्याला एकूण 150 मिनिटे भरभर चालावे. पावसाळ्यात अंगणात पाऊल टाकता येत नसेल, तर सोप्यावर फेऱ्या माराव्यात.

एवढ्याने भागले नाही, तर काळजीवर रीतसर उपचार घ्यावेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर कधीही बोलता येते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गोव्यातच झालेल्या 'मानस' या उपचारांच्या वैद्यकीय चाचणीत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीने सरकारी आरोग्य केंद्रांतील रुग्णांना चांगला गुण आला होता. शेजाऱ्यांकडची धडधडीची गोळी मात्र घेऊ नये. तशा काही गोळ्या दमेकऱ्याला घातक ठरतात.

मावशीच्या वहीत महिनाभरात अकरा नोंदी झाल्या. दोन दुपारच्या काळ्या कॉफीनंतरच्या होत्या आणि बाकीच्या नऊ रात्री दहानंतरच्या, फोन हातात घेऊन बसल्यावरच्या. डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी ती वही दोनदा वाचली आणि कॉफीविषयी विचारले. मुलगा आता बंदर सोडताना किती दिवस रेंज नसेल ते आधी कळवतो, आणि मावशी ते कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून ठेवते.