मैफलीचे फोटो काढताना या चुका टाळा

शास्त्रीय मैफलीत कलाकार दोन-दोन तास एका जागी बसलेला असतो, तरी घरी येऊन पाहावं तर निम्मे फोटो हललेले. हलतात ते हात. आलापीत १/१२५ सेकंदाचा शटर पुरतो. द्रुतात तबलजीची बोटं किंवा संतूरच्या कलमा स्थिर टिपायच्या तर १/५०० हवा. त्यासाठी अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/२.८ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० लागला तर लागू द्या. त्याने फोटोत येणारे दाणे सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतात.

चेहरा पांढराफटक येतोय? मागचा काळा पडदा पाहून कॅमेरा उजेड वाढवतो. मॅन्युअल मोडवर जा आणि स्पॉट मीटरिंगने, म्हणजे फक्त एका छोट्या भागावरून, गालावरचा उजेड मोजा. ऑटोवरच राहायचं तर एक्स्पोजर उणे १ करा. निळ्या-जांभळ्या दिव्यांत एकच रंग फुटतो, म्हणजे अति उजळून त्यातले तपशील जातात, म्हणून आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरव्या, निळ्याचा वेगवेगळा आलेख) बघा आणि फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या.

फोटोवर आडवे पट्टे हा सायलेंट मोडचा प्रसाद. त्यातला इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात दिवे लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. तिथे १/१०० किंवा १/५० ठेवला की पट्टे जातात. डिमरवरच्या एलईडींची लय वेगळी असते, त्यांना हा हिशोब लागू पडेलच असं नाही. मग मेकॅनिकल शटर वापरा, पण तबला सुरू झाल्यावर. विलंबित आलापीत तुमची खटखट पाचव्या रांगेपर्यंत ऐकू जाते.

माइकचा विचार बहुतेकांना घरी गेल्यावर सुचतो. गायकाच्या अगदी समोर बसलात तर माइक थेट ओठांवर येतो. ३०-४५ अंश बाजूला सरका. गायक ज्या साथीदाराकडे वळून दाद देतो, ती बाजू धरा. समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, हात टिपायचा तर ठेका मोजा. तीनतालात चौदाव्या-पंधराव्या मात्रेला बटण अर्धं दाबून फोकस धरा, सोळाव्याला तीन-चार फ्रेम सुरू करा. सम ऐकून बटण दाबलं तर हात मांडीवर आलेला असतो.

फ्लॅश अर्थातच नको. फोकसला मदत करणारा नारिंगी दिवाही मेनूतून बंद करा, आणि प्रत्येक फोटोनंतर उजळणारी मागची स्क्रीनसुद्धा. मागच्या रसिकाला तीच आधी दिसते.