परागंदांच्या संरक्षणाचे विधेयक कसे वाचावे

दुसऱ्या देशात आश्रय घेतलेल्या माणसाला मायदेशाच्या सरकारने तिथे गाठून धमकावणे, याला आता ‘सीमापार दडपशाही’ म्हणतात. तिच्याविरुद्धचे एखादे विधेयक हाती आले, तर उद्देशिकेत वेळ घालवू नये. उद्देशिका सगळ्यांचीच चांगली असते. खरी घडलेली एक घटना समोर ठेवावी आणि ती कलमांत कुठे बसते, ते पाहावे.

मी न्यू जर्सीची घटना घेतो. चीनमधून तेथे जाऊन राहिलेल्या एका माजी अधिकाऱ्याच्या दारावर सप्टेंबर २०१८ मध्ये चिठ्ठी लावलेली होती : परत येऊन दहा वर्षे तुरुंगात काढायची तयारी असेल, तर बायकामुलांना काही होणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या वृद्ध वडिलांना चीनमधून विमानाने आणून, परत चल असा निरोप त्यांच्या तोंडून देण्याचा प्रयत्न झाला होता. माग काढण्याच्या कामी न्यूयॉर्क पोलिसांतून निवृत्त झालेला एक खासगी गुप्तहेर होता. जून २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयात तिघे दोषी ठरले. त्या अधिकाऱ्यावर चीन सरकारने भ्रष्टाचाराचा आरोप ठेवला होता. पण आरोप खरा असो वा खोटा, त्यामुळे चिठ्ठी कायदेशीर ठरत नाही.

पहिला प्रश्न हस्तकाचा. चिठ्ठी लावणारा वकिलातीचा नोकर क्वचितच असतो. परक्या सरकारच्या सांगण्यावरून, महान्यायवादींना न कळवता काम करणाऱ्याला अमेरिकेतील जुन्या कलमानुसार दहा वर्षांपर्यंत शिक्षा होते. तेथे धमकी सिद्ध करावी लागत नाही, मात्र सूत्र सरकारपर्यंत पोचवून दाखवावे लागते. ब्रिटनच्या २०२३ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात, आपण परक्या सत्तेसाठी काम करतो आहोत हे आरोपीला ठाऊक असणे किंवा ठाऊक असायला हवे होते एवढे दिसणे, हा निकष आहे. माझ्या मते हाच शब्दप्रयोग अधिक कामाचा, कारण मध्यस्थ नेहमी ‘मला काय माहीत’ असेच म्हणतो.

त्यानंतर जबरदस्तीची व्याख्या सावकाश वाचावी. ब्रिटिश कायद्यात मारहाणीबरोबर बदनामी, आर्थिक नुकसान आणि चक्क आध्यात्मिक इजा यांचाही उल्लेख आहे. धर्मगुरूकरवी दबाव आणला जातो, हे मसुदा लिहिणाऱ्याला माहीत असावे. कॅनडात जून २०२४ मध्ये संमत झालेल्या सी-७० विधेयकाने परक्या सत्तेसाठी केलेल्या धाकदपटशाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली आणि स्वतःच्याच नव्हे, तर ओळखीच्या माणसांच्या सुरक्षेची भीतीही त्यात धरली. चिठ्ठीतल्या ‘बायकामुलांना’ या शब्दाला उत्तर येथे मिळते. जे विधेयक केवळ परागंद्याच्या अंगावर आलेल्या धोक्याविषयी बोलते, त्याच्या समासात लाल खूण करावी.

देशांची यादी असल्यास तीही तपासावी. ब्रिटनची परकी प्रभाव नोंदणी, म्हणजे परक्या सत्तेच्या सांगण्यावरून काम करणाऱ्यांनी सरकारदरबारी नाव नोंदवण्याची योजना, १ जुलै २०२५ पासून सुरू झाली, तेव्हा तिच्या कडक श्रेणीत रशिया आणि इराण होते, चीन नव्हता. आपणही देशाचे नाव झाकून वाचावे : कॅनडातील सरे येथील खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येशी भारत सरकारच्या हस्तकांचा संबंध असल्याचा आरोप कॅनडाने २०२३ मध्ये केला आणि भारताने तो फेटाळला, म्हणून कॅनडाच्या कायद्याचे कलम आपल्यासाठी वेगळे होत नाही.

शेवटी स्थानिक पोलिसांविषयीची तरतूद शोधावी. ८ जुलै १९१० रोजी मार्सेच्या बंदरात सावरकरांनी बोटीतून उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गाठला, तेव्हा त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हवाली करणारा शिपाई फ्रेंचच होता. हेग येथील लवादाने १९११ मध्ये ती कृती नियमबाह्य मानूनही सावरकरांना फ्रान्सला परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असाच निर्णय दिला. म्हणून तक्रार घेणाऱ्या शिपायाला कोण शिकवणार, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने, हे विधेयकात लिहिलेले आहे का, ते पाहावे.