सेल्फ मारूनही गाडी सुरू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे मोजा

गाडी सुरू झाली नाही की बहुतेकांचा हात थेट नव्या बॅटरीकडे जातो. पुष्कळदा दोष सैल टर्मिनलचा, गंजलेल्या अर्थिंगचा (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी पट्टी) किंवा अडकलेल्या रिलेचा (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असतो आणि चार-पाच हजार फुकट जातात. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि किल्ली फिरवायला एक जोडीदार असला की अर्ध्या तासात दोष कुठे आहे ते कळतं. आधी गाडी न्यूट्रलमध्ये घ्या आणि हँडब्रेक ओढा.

पहिल्यांदा कान द्या. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, नेहमीसारखा फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ ठीक आहेत. दोष पेट्रोल, स्पार्क किंवा इमोबिलायझरकडे (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं चोरीविरोधी कुलूप) आहे. सेल्फ रडतरखडत फिरतो किंवा नुसती टकटक येते, तर करंट कमी पडतोय. काहीच आवाज नाही, तर सेल्फला हुकूमच पोचत नाहीये.

आता बॅटरी. गाडी नुकतीच चालली किंवा चार्ज झाली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, नाहीतर मीटर खोटा चढा आकडा दाखवतो. मग बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खुंट्यांवर मीटरचे प्रोब (टोकदार पिना) टेकवा. 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. पण उभ्या गाडीतला आकडा पुरेसा नाही. जोडीदाराला सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत राहा. आकडा 10 च्या वर टिकला तर बॅटरी ठीक. 12.5 वरून एकदम 7-8 वर कोसळला तर बॅटरी आतून गेली आहे. चार्ज केल्यावरही तसंच झालं, तर मात्र ती बदलावीच लागेल.

बॅटरी ठीक असूनही टकटक येत असेल तर केबल तपासा. हीच तपासणी सर्वात जास्त वेळा राहून जाते. पेट्रोल गाडीचा सेल्फ सहज शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. वाटेत एक शतांश ओहमचा अडथळा असला तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जिरतो. ओहमवर ठेवलेल्या मीटरला हा दोष दिसत नाही, कारण मीटर अगदी बारीक करंट सोडतो आणि केबलची एखादी तार शाबूत असली तरी तो पार होतो. म्हणून मोजायचं ते सेल्फ मारतानाच, 20 व्होल्ट डीसीच्या रेंजवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. 0.2 व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय. तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फवरचा जाड केबलचा बोल्ट: इथे अर्धा व्होल्ट ही मर्यादा. प्रोब क्लॅम्पवर न ठेवता खुंटीवरच ठेवा, म्हणजे दोघांमधला गंजही मोजला जातो. कोकणात, समुद्रकाठी, खुंटीवरची हिरवट-पांढरी पूड नेहमीची. क्लॅम्प काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी, कारण पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. पूड खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली.

काहीच आवाज नसेल तर सेल्फच्या सोलेनॉइडची (किल्लीच्या हुकमावर सेल्फला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) बारीक वायर शोधा. किल्ली फिरवल्यावर तिथे 10 व्होल्टच्या वर येत असेल आणि जाड केबलवरही व्होल्टेज असेल, तर सेल्फच खराब: कार्बन ब्रश झिजलेत किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत. व्होल्टेज येत नसेल तर मागे मागे जा: फ्यूज, सेल्फचा रिले, क्लच स्विच (ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रल स्विच), इग्निशन स्विच. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असला तर अदलाबदल करून लगेच खात्री होते. फ्यूज परत उडाला तर मोठ्या अँपिअरचा टाकू नका; मग फ्यूजऐवजी वायर जळते. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायरही बघून घ्या.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, तिथे इग्निशन ऑन करून डॅशबोर्डवरचा किल्लीचा (इमोबिलायझरचा) दिवा बघा. तो लुकलुकत राहिला तर दुसरी किल्ली वापरून पाहा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद गुणगुणाट येतो. तो नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले तपासा. चेक इंजिनचा दिवाच लागला नाही, तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सप्लाय नाही.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. नसतील तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बघा. चार्जिंग ठीक असूनही रात्रीत बॅटरी उतरत असेल, तर सगळं बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर खुंटी आणि केबलच्या मध्ये (सिरीजमध्ये) लावा. अर्धा तास थांबा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. साधारण 50 मिलीअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढा; ज्या फ्यूजला आकडा झपकन उतरतो, गळती त्याच सर्किटमध्ये.