गोव्यातून स्वतंत्र ऑनलाइन मासिक कसं सुरू करावं

नाव, लोगो, संकेतस्थळ यांच्या मागे आधी लागू नका. ते आठवड्यात होतं. आधी चार पक्के लेख हाताशी ठेवा.

१. विषय नको, गाव धरा. राजकारण, अर्थकारण, संस्कृती असे तीन कप्पे पाडले की तिन्हीकडे मुंबई-दिल्लीचीच शिळी चर्चा भरते. गोव्यात हे तिन्ही एकाच बांधावर भेटतात. भातशेताचा झोन (जमीन कशासाठी वापरायची तो सरकारी शिक्का) बदलतो, कूळ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतं आणि त्याच वाड्यावरच्या जत्रेत नाटकाचं हँडबिल निघतं. त्या हँडबिलावरची ‘सौजन्य’ची ओळ वाचा. निवडणूक जवळ आली की तिथे इच्छुकांची नावं दिसू लागतात. लेख तिथून सुरू होतो.

२. कागद मिळवा. सरकारी राजपत्र दर गुरुवारी निघतं. कंटाळवाणं असतं, तरी वाचा. जमिनीचा प्रश्न असेल तर एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा) ऑनलाइन पाहता येतो, त्यात कब्जेदार आणि कूळ दोघांचे रकाने असतात. उरलेल्यासाठी माहिती अधिकार: १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. अर्जात ‘का’ विचारू नका. मी एकदा विचारलं होतं, तिसाव्या दिवशी एका ओळीत बोळवण झाली. कायद्याने कागद मिळतो, कारण नाही. म्हणून ‘अमुक फाइलवरील टिपणीची प्रत द्या’ असंच लिहा.

३. बोलणं बदलू नका. लेख मराठीत असला तरी ग्रामसभेत माणूस कोंकणीतच तापतो. ‘आमकां विचारलेंच ना’ हे तसंच छापा. त्याचं ‘आम्हाला विश्वासात घेण्यात आले नाही’ केलंत की तो माणूस गेला, उरलं प्रसिद्धिपत्रक.

४. पैशांची शिस्त. इथे गोव्याची वेगळीच अडचण आहे. वाचकांतले बरेच जण लंडनला, लिस्बनला. मदत करायची त्यांची इच्छाही असते. पण २०१० च्या विदेशी अंशदान कायद्यानुसार बातम्या आणि चालू घडामोडी देणाऱ्या माध्यमांना परदेशी देणगी घेता येत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट केलेला आपला शेजारी कायद्याच्या लेखी परदेशीच, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. भारतीय पासपोर्टवर आखातात राबणाऱ्याचं तसं नाही. तेव्हा पैसे घेण्याआधी पासपोर्ट विचारा, संकोच वाटला तरी. वर्गणी आणि देणगी यांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, आणि हे सगळं एकदा सीएला दाखवा. सरकारी जाहिरातींवर घर चालवायचं ठरवलंत तर ‘स्वतंत्र’ हा शब्द आधीच काढून टाका.

५. कायद्याचं थोडं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल बातम्यांसाठी आचारसंहिता आणि तक्रार निवारणाची व्यवस्था आहे. ही संहिता आणि व्यवस्था बंधनकारक करणारे ९(१) आणि ९(३) हे पोटनियम मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगित केले. तरी तक्रार कुठे करायची तो पत्ता ठळक द्या. ज्याच्यावर लिहिताय त्याला छापण्याआधी प्रश्न पाठवा आणि ते पाठवल्याची तारीख जपून ठेवा. बदनामीची नोटीस आली तर ती कामाला येते.

६. वार. अंक शनिवारी संध्याकाळी काढा. ग्रामसभा रविवारी असते, आणि लेखाची प्रिंट काढून नेणारे एक-दोघे प्रत्येक गावात असतात.