कॉलेज अर्ध्यात सोडणार असशील तर नीट सोड

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, म्हणजे खरं सांगायचं तर जायचं बंद केलं. शिमग्याला गावी आलो तो परत गेलोच नाही, रूमवरचं सामान मित्राने एसटीत टाकून पाठवलं. अर्ज नाही, कॉलेजात कोणाला सांगणं नाही. चौथ्या सेमची परीक्षा महिन्यावर होती, ती दिली असती तर दोन वर्षं निदान कागदावर तरी लागली असती. चार वर्षांनी मुक्त विद्यापीठात ॲडमिशन घ्यायचं ठरवलं तर बारावीचं ओरिजिनल मार्कशीट अजून कॉलेजातच, आणि ऑफिसमधले म्हणतात उरलेल्या सेमची फी भर मग देतो. सहा फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीला माझ्या काजूच्या नर्सरीतल्या कामाचा एक दिवस गेला.

आपल्या कोकणातली बरीच पोरं असंच सोडतात. म्हणून हे लिहितोय.

आधी कारण कागदावर लिही, एका ओळीत. विषयच नको झालाय, की पैसे नाहीत, की तिथे राहणं जमत नाही. तिन्हीचा उपाय वेगळा आहे आणि कॉलेज सोडणं हा फक्त पहिल्याचा उपाय आहे. पैशाचं असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या स्कॉलरशिपच्या साइटवर, कुठली स्कॉलरशिप बसते ते ऑफिसात जाऊन विचार, आणि मुलगी असशील तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी 2024-25 पासून शासन भरतं, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, असेल तर. झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही असं चाललं असेल तर निर्णय थांबव आणि टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलतात. एटीकेटी लागली, म्हणजे एखाद-दुसरा विषय राहिला, एवढंच कारण असेल तर सोडू नकोस, एटीकेटी निम्म्या वर्गाला लागते.

मग ज्यासाठी सोडतोयस ते काम आधी करून बघ. सुट्टीत चार दिवस कर असं मी म्हणत नाही, कारण आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात सगळंच चांगलं दिसतं. हापूसच्या पेट्या भरतायत, मालवणात पर्यटकांची गर्दी, रूम फुल, स्कुबावाल्याला जेवायला वेळ नाही, तेव्हा वाटतं कशाला शिकायचं. तोच धंदा जुलैत बघ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी बंद, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, होमस्टेला कुलूप आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला चालू. ज्याच्याकडे काम शिकायचंय त्यालाच सरळ विचार, पावसात घर कशावर चालतं? तो जे उत्तर देईल ते तुला जमणार असेल तर पुढे जा.

आता घरी कधी सांगायचं. गणपतीत अजिबात नको, घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, मुंबईचे काका, आत्या, त्यांची शिकलेली मुलं, सगळ्यांसमोर विषय निघाला की बाबांना नाही म्हणण्याशिवाय मार्ग राहत नाही आणि मग तो नाही वर्षभर बदलत नाही. मंडळी गेली की शांत संध्याकाळ बघून आईबाबांना एकत्र सांग, आधी एकट्या आईला सांगून तिला मध्ये अडकवू नकोस. माझे बाबा एवढंच म्हणाले होते, "सोडतलस तां ठीक आसा, पण उद्या सकाळी उठान काय करतलस तां सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तू ते उत्तर घेऊनच बस, कोणाकडे, कसलं काम, किती महिने, महिन्याला किती, आणि नाही जमलं तर परत कुठे ॲडमिशन.

कागदाचं काम सगळ्यात महत्त्वाचं, इथे घाई करू नकोस. चालू असलेलं सेमिस्टर पूर्ण कर आणि परीक्षा दे, कितीही कंटाळा आला तरी. नवीन शैक्षणिक धोरणात पास झालेल्या सेमचे क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्याचे गुणांक, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा राहतात, साधारण 7 वर्षांपर्यंत, आणि पहिलं वर्ष पूर्ण करून वर 4 क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांवर डिप्लोमा. आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, संलग्न कॉलेजांत हे 2024-25 पासून सुरू झालंय. या खात्याचा तुझा आयडी निघालाय का आणि त्यात क्रेडिट खरंच दिसतायत का हे डिजिलॉकरवर स्वतः बघ, कॉलेजने टाकले असतील असं धरून चालू नकोस.

पहिल्याच वर्षी नुकतंच ॲडमिशन घेऊन सोडत असशील तर तारखा बघ. युजीसीच्या 2018 च्या नियमाने ॲडमिशनच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी रद्द केलं तर जवळपास सगळी फी परत, त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत 90 टक्के, ती उलटून 15 दिवसांपर्यंत 80, 30 दिवसांपर्यंत 50, पुढे शून्य. कधी कधी युजीसी एखाद्या वर्षासाठी यापेक्षा सोयीच्या तारखा देते, त्यामुळे त्या वर्षीचं परिपत्रक शोध. आणि याच नियमात लिहिलंय की कॉलेजला तुझी ओरिजिनल कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. मला हे माहीत असतं तर सहा फेऱ्या वाचल्या असत्या. अर्ज लेखी दे, दुसऱ्या प्रतीवर पोच घे, लायब्ररीची पुस्तकं देऊन नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, घे, डिपॉझिट माग. एज्युकेशन लोन असेल तर बँकेत जाऊन सांग, लपवलं की हप्ता थकतो आणि जामीनदार म्हणून बाबांना नोटीस येते. एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, मात्र पुढचं नक्की होईपर्यंत काढू नकोस, ती काढली की ॲडमिशन संपलं.

पुढचे रस्ते. तलाठी, एमपीएससी, बँक यांना पदवी लागते, ते तूर्तास बंद. पोलीस शिपाई बारावीवर, पोस्टातलं ग्रामीण डाक सेवक दहावीच्या मार्कांवर. आयटीआय करून अप्रेंटिसशिप हा रस्ता मला फार आवडतो, एसी-फ्रिजचा किंवा बोटीच्या इंजिनाचा चांगला मेकॅनिक बंदरावर शोधून मिळत नाही.

बोटीवर जायचं असेल, म्हणजे मर्चंट नेव्हीत, तर जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाचा, 6 महिन्यांचा कोर्स दहावीवर होतो, पण संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याच्या, यादीत आहे का ते त्यांच्या साइटवर बघ आणि नोकरी देणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरायचं लायसन्स, आहे का तेही बघ. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाराला एक रुपया देऊ नकोस, कायद्याने तसे पैसे घेताच येत नाहीत. आमच्या वाडीतल्या एका घराने यात काजूची बाग गहाण टाकली, मुलगा अजून घरीच आहे.

स्वतःचं काही करायचं असेल तर आधी आरसेटीत, म्हणजे स्वयंरोजगार शिकवणाऱ्या संस्थेत, जा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे बँक ऑफ इंडिया चालवते, ट्रेनिंग फुकट, राहणं-जेवणही तिथेच. मग जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मितीची किंवा पीएमईजीपी या केंद्राच्या तशाच योजनेची फाइल कर, सबसिडी 15 ते 35 टक्के असते. पीएमईजीपीत ती 3 वर्षं बँकेतच अडकून असते, हातात येत नाही, त्यामुळे ते पैसे खर्चाच्या हिशेबात धरू नकोस. मी काजूच्या कलमांची नर्सरी केली, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींची, कलम बांधायला एका जुन्या माळ्याकडे दोन पावसाळे हात काळे केले. फळझाडांची रोपं विकायला कृषी खात्याचं लायसन्स लागतं, 1969 चा कायदा आहे, हे मला पहिली ऑर्डर आल्यावर कळलं आणि ती ऑर्डर गेली.

आणि पदवीचं दार पूर्ण लावू नकोस. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी सरकारी भरतीला चालते, काम करत करत होते, मी आता तिथूनच बीए करतोय, पुस्तकं नर्सरीच्या शेडमध्ये असतात आणि पाऊस लागला की वाचतो. मधल्या वर्षांसाठी कुठे गॅप सर्टिफिकेट मागितलं तर ते म्हणजे प्रतिज्ञापत्र, तहसीलच्या आवारात एका सकाळीत होतं, फक्त जाताना आधार, शेवटचं मार्कशीट आणि एलसीची झेरॉक्स ने.