वायलचं झाकण फिरत होतं

कोल्हापुरात आमच्या प्रयोगशाळेत मळीपासून केलेल्या अल्कोहोलचे नमुने गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वाफेतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतो. हेडस्पेस पद्धतीत २० मिलीची काचेची वायल (छोटी बाटली) ८० अंशांवर तापवतात आणि वरची वाफ यंत्रात जाते. एकाच नमुन्याच्या तीन वायल, पण इथेनॉलचे आकडे तीन तऱ्हांचे. दोन दिवस मी कॉलम (घटक वेगळे करणारी यंत्रातली नळी) आणि वाफ ओढणाऱ्या सुईवर संशय घेतला.

शेवटी आमच्या मदतनीस काकांनी ट्रे उचलताना म्हटलं, "मॅडम, ह्याचं झाकण फिरतंय की!"

खरंच फिरत होतं. वायल तापवण्याआधी आणि थंड झाल्यावर वजन केलं, तर सैल झाकणांच्या वायल हलक्या भरल्या. इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं, त्याला फट पुरते.

क्रिंपरचा (झाकण दाबून बसवणाऱ्या हत्याराचा) स्क्रू थोडा थोडा फिरवत पाण्याच्या वायलवर झाकणं दाबून पाहिली. अॅल्युमिनियमची कड काचेच्या ओठाखाली सगळीकडून सारखी वळली पाहिजे आणि झाकण बोटांनी फिरता कामा नये. मी आधी जास्तच आवळलं, तेव्हा सेप्टम, म्हणजे झाकणातली मऊ चकती, मधोमध फुगला. तेही वाईट, कारण सुई टोचल्यावर असा सेप्टम लवकर गळतो.

आणखी एक चूक सापडली. काही सेप्टम उलटे बसले होते. टेफ्लॉनची गुळगुळीत बाजू नमुन्याकडेच हवी, नाहीतर दुसऱ्या बाजूचं सिलिकॉन वाफ शोषून घेतं.

आता वायलच्या ओठावर थेंब सांडला तर मी तो पुसत बसत नाही, वायल नवीन घेते. तिन्ही आकडे जुळू लागले आहेत.